मदत हवी आहे: फझ पेडलमधून बातम्या ऐकू येतात!

मंडळी, हसू नका. मी घरीच दोन सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं फझ पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारा डबा) बनवलंय, फझ फेस या जुन्या पेडलच्या धर्तीवर. आवाज झकास. पण गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की मागून पुणे आकाशवाणी सुरू, ७९२ किलोहर्ट्झ. काल सोलो वाजवताना मधेच निवेदिकाबाई बोलायला लागल्या, आई म्हणाली, "रेडिओ बंद कर आधी!"

कारण कळलंय. पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जंक्शन डायोडसारखा वागून रेडिओचा सिग्नल डिटेक्ट करतो, म्हणजे त्यातला आवाज वेगळा काढतो, आणि पुढे फझ तो फुगवतं. पेडल ॲल्युमिनियमच्या डब्यात आहे, जॅकची ग्राउंड डब्याला नीट टेकते. केबल बदलून पाहिली, बॅटरीवरही तेच.

इनपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला लावला. काही फरक नाही, कारण हिशेब केला तर कटऑफ (ज्याच्या वरचे सिग्नल दबतात ती फ्रिक्वेन्सी) १.६ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे स्टेशन आरामात आत. मग १० किलोओहम लावला. रेडिओ जवळपास गेला, पण फझची धारही गेली. या सर्किटचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) मुळातच कमी, त्यामुळे एवढा रेझिस्टर त्याला झेपत नाही.

आता प्रश्न: कपॅसिटर थेट बेस आणि एमिटरच्या पायांवरच डाग दिला तर? किती पिकोफॅरडपर्यंत ट्रेबल शाबूत राहील? की कलेक्टर-बेसमध्ये ४७ पिकोफॅरडचा बरा? फेराइट मणीही (तारेत ओवायचा, रेडिओ सिग्नल अडवणारा मणी) सुचवलाय एकाने, पण मीडियम वेव्हला तो छोटासा मणी कितपत पुरणार, मला शंकाच आहे. कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का? शनिवारी वाजवायचंय.