कादंबरी लेखन स्पर्धा : सीमाभागातल्या लिहिणाऱ्यांनो, तुमचा अनुभव सांगा

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा... थंडी पडली की आपल्याकडं गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. कवीला तिथं कविसंमेलन आहे, कथा लिहिणाऱ्याला कथाकथन आहे. कादंबरी लिहिणारा मात्र वर्षानुवर्षं घरात एकटाच लिहीत बसतो, आणि लिहून झाल्यावर दाखवायचं कुणाला, हे त्याला कळत नाही. म्हणून स्पर्धेची जाहिरात दिसली की जीव तिकडं ओढ घेतो.

माझ्या मते भाग घ्यावा. बक्षीस मिळो न मिळो, ठरलेली तारीख आणि अनोळखी वाचक या दोन गोष्टी आपल्याला दुसरीकडं सहसा मिळत नाहीत. तुम्हाला काय मिळालं, काय गमावलं ते लिहा. संस्थांची नावं नकोत.

खानापूर, प्राथमिक शिक्षिका

अमेरिकेत १९९९ साली एक उपक्रम सुरू झाला होता : नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी. परीक्षक नाहीत, आकडा गाठला की जिंकलात. रोजचे १,६६७ शब्द पडतात. तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, खरं ती रीत कुणालाही वापरता येते.

आमच्याकडं नोव्हेंबर म्हणजे भाताची सुगी. कापणी, मळणी, वर शाळा. त्यात कादंबरी कुठली व्हायला! मी तो महिना श्रावणात आणला. लावणी उरकलेली असते, बाहेर खानापूरचा पाऊस, वीज गेली तरी वही आहेच. फुलस्केपच्या एका पानावर माझ्या अक्षरात किती शब्द बसतात ते एकदा मोजलं आणि पुढं रोज पानंच मोजली. मागचं पान उलटून वाचायचं नाही, एवढा एकच नियम.

त्यातला बराचसा भाग नंतर काढून टाकला. तरी शेवटापर्यंत पोचलेला खर्डा पहिल्यांदाच माझ्या हातात आला. त्याआधी सगळ्या कादंबऱ्या तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाशीच अडायच्या.

शहापूर, बेळगाव, यंत्रमाग चालवणारा

मी विणकराच्या घरातल्या एका बाईवर लिहिलं. कांड्या भरणारी, हिशेब तोंडपाठ असणारी, नवऱ्याच्या मागं माग सांभाळणारी. स्पर्धेत काही लागलं नाही. खरं परीक्षकांनी हस्तलिखित परत पाठवताना आत दोन पानांचं पत्र ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं की पहिल्या शंभर पानांत बाई आहे, नंतर पोरांची लग्नं, भावकीतली भांडणं, संप हे सगळं आहे, बाई कुठं गेली?

घरातल्या, गल्लीतल्या सगळ्यांनी ते वाचलेलं होतं. सगळे "छान झालंय" म्हणालेले. त्यांना ती बाई माहितीच होती, म्हणून कागदावर नसली तरी दिसत होती. हे अनोळखी माणसानंच सांगावं लागतं. मी त्या पत्राला बक्षिसापेक्षा जास्त मानतो. ज्या स्पर्धेत अभिप्राय मिळतो तिचीच फी भरावी, असं माझं ठाम म्हणणं आहे.

येळ्ळूर, शेती आणि नोकरी

दोन गोष्टी. एका स्पर्धेत महाराष्ट्रातला रहिवासी दाखला मागितला. आमचा पत्ता कर्नाटकातला, तो दाखला आम्ही आणायचा कुठून? १९४६ साली मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला, हे लहानपणापासून ऐकत आलोय. त्याच भागातल्या माणसाला मराठीत कादंबरी पाठवता येऊ नये, याचं फार वाईट वाटतं. म्हणून आधी पात्रतेची अट वाचा. 'मराठीत लिहिणारा कुणीही' असं जिथं लिहिलंय तिथंच पाठवा, आणि अट अडवत असेल तर आयोजकांना पत्र लिहा. एकदा तसं लिहिल्यावर अट सैल केलेलीही मी पाहिलीय.

दुसरी, टायपिंग. डीटीपीवाल्यानं जुन्या फाँटात बसवून दिलेलं, स्पर्धेला युनिकोड हवं, म्हणजे कुठल्याही संगणकावर-मोबाइलवर तसंच दिसणारं टायपिंग. बदलून घेतलं तर जोडाक्षरं फुटली, 'ऱ्या'च्या जागी चौकोन आले. अख्खी कादंबरी ओळ न् ओळ तपासावी लागली. सुरुवातीपासून मोबाइलवर किंवा संगणकावर युनिकोडमध्येच लिहा, हा सगळा त्रास वाचतो.

निपाणी, पदवीच्या शेवटच्या वर्षाला

मी ॲपवरच्या स्पर्धेत लिहिते. रोज एक भाग टाकायचा, वाचकांची संख्या आणि शेरे बघून निकाल. माझी कथा तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या मुलींची. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या आठवणी आजीच्या तोंडून ऐकलेल्या, त्या त्यात आल्या.

चांगलं असं की वाचक लगेच बोलतात. वखारीत नाकातोंडाला पदर बांधून पाला चाळणाऱ्या बायका, त्यांचा खोकला, संध्याकाळी अंगाला येणारा वास, हे लिहिलं तेव्हा शेकडो किलोमीटरवरच्या बायकांनी आपापल्या कामाचं लिहिलं. वाईट असं की भाग दर वेळी उत्कंठेवर तोडावा लागतो. मग एका साध्या दुपारीला जागाच उरत नाही. आता मी आधी पूर्ण लिहून ठेवते आणि नंतर भाग पाडते. वाचक थोडे घटले, खरं गोष्ट माझी राहिली.

बेळगाव, वकील

नियमावलीतलं हक्कांचं कलम वाचल्याशिवाय काहीही पाठवू नका. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. हक्क लिहिल्याबरोबर लेखकाकडे येतात, नोंदणी सक्तीची नाही. ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. हक्क दिले तरी 'हे मी लिहिलं' असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

'प्रवेशिका पाठवताच सर्व हक्क आयोजकांकडे' असं वाक्य दिसलं तर थांबा. 'सर्व' म्हणजे अनुवाद, ऑडिओ, सिनेमा, सगळं आलं. फक्त विजेत्याकडून आणि फक्त पहिल्या आवृत्तीपुरते हक्क मागितले असतील तर ते रास्त आहे. शंका असेल तर ईमेलनं विचारा, म्हणजे उत्तर लेखी येतं.

चिकोडी

फी भरली, निकालच लागला नाही. फोन उचलत नाहीत. मागच्या वर्षीचा विजेता कोण आणि त्याचं पुस्तक आलं का, एवढं आधी शोधा.

बेळगाव, निवृत्त ग्रंथपाल, स्थानिक स्पर्धांचे परीक्षक

खरं सांगतो, नुसत्या बक्षिसानं लेखकाचं नशीब फारसं बदलत नाही. बक्षिसाच्या रकमेत छपाईसुद्धा निघत नाही. प्रकाशक परीक्षक मंडळात असेल किंवा छापण्याची हमी असेल तर गोष्ट वेगळी.

आलेल्यातली पुष्कळ हस्तलिखितं पहिल्या वीस पानांत वाचकाला दमवतात : गावाचा इतिहास, घराण्याची वंशावळ, मग सूर्योदय. माणूस उशिरा येतो. आणि आपल्याकडची मुलं पुण्याची मराठी लिहायला जातात. बसमध्ये कंडक्टर कन्नडात विचारतो, म्हातारी मराठीत उत्तर देते, दोघांचं नीट चालतं. आपल्या कादंबरीत ते जसंच्या तसं यावं. मी अशा संवादांचे गुण कधी कापलेले नाहीत.

निकालानंतर परीक्षकांचा अभिप्राय मागा. माझ्याकडं फार थोड्यांनी मागितला. जे आले त्यांच्याबरोबर मी पान न् पान उघडून बसलोय, आणि यंदाही बसेन.