पहिले बाळंतपण माहेरी, रुग्णालय चाळीस किलोमीटरवर : वडिलांनी कोणती तयारी ठेवावी?

कोयनाकाठ
माझ्या पत्नीला चौतिसावा आठवडा चालू आहे. पहिलेच बाळंतपण असल्याने ती गेल्या महिन्यात पाटण तालुक्यातील माहेरी गेली असून नाव कराडच्या एका खासगी रुग्णालयात नोंदवले आहे. घरापासून तेथे पोहोचायला पावसात दीड तास लागतो आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. तिचा रक्तगट बी निगेटिव्ह, माझा बी पॉझिटिव्ह असल्याने अठ्ठाविसाव्या आठवड्यात तिला अँटी-डीचे (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) इंजेक्शन दिले आहे. दुपटी, झबली, डिंकाचे लाडू यांची व्यवस्था सासूबाई इतक्या नेटाने करत आहेत की त्यात मला लुडबूड करायलाही वाव नाही. मग माझ्या वाट्याला नेमके कोणते काम उरते, आणि कळा सुरू झाल्यावर घरातून केव्हा निघावे?

निवृत्त परिचारिका
रक्तगटाचा उल्लेख आपण ओझरता केलात, पण आपले खरे काम तेथेच आहे. निगेटिव्ह रक्तगटाच्या व्यक्ती आपल्याकडे शंभरात जेमतेम पाच-सहा असतात, त्यामुळे आयत्या वेळी रक्तपेढीत पिशवी मिळेलच असे धरून चालता येत नाही. रुग्णालय कोणत्या पेढीतून रक्त मागवते आणि तेथे बी निगेटिव्ह साठा असतो का, हे याच आठवड्यात विचारून घ्यावे. आपले रक्त पत्नीला चालणार नाही, आणि सख्ख्या नातेवाइकांचेही शक्यतो टाळतात. म्हणून बाहेरच्या दोन-तीन बी किंवा ओ निगेटिव्ह दात्यांशी आताच बोलून ठेवावे, कारण दाता दारात उभा असला तरी त्याच्या रक्ताच्या तपासण्यांना वेळ लागतोच. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला, तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत आईला पुन्हा अँटी-डी द्यावे लागते. ते पुढच्या गर्भारपणातील बाळाच्या संरक्षणासाठी असते. हे इंजेक्शन शीतकपाटात ठेवावे लागते आणि प्रत्येक ठिकाणी तयार असतेच असे नाही.

निघण्याविषयी सांगायचे तर, रुग्णालय जवळ असलेल्या पहिलटकरणीला साधारणपणे दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायला सांगतात. आपण तेवढे थांबू नये. कळा दहा-दहा मिनिटांनी नियमित येऊ लागल्या आणि चालून किंवा कूस बदलूनही शमल्या नाहीत, की रुग्णालयाला दूरध्वनी करून गाडी काढावी. पाणमोट फुटल्यास कळा नसल्या तरी निघावे, वेळ आणि पाण्याचा रंग लक्षात ठेवावा. पाणी हिरवट असणे, रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही दिसले तर कळा मोजत बसू नये. घरची गाडी नसेल तेव्हा १०८ आहेच.

दोन लेकींचा बाबा
पुण्याहून कराड सुमारे १६० किलोमीटर आहे, म्हणजे निरोप मिळाल्यावर आपण निघालात तरी पत्नी आपल्याआधी तेथे पोहोचलेली असेल. तेव्हा आपण नसताना रात्री दोन वाजता गाडी कोण चालवणार, हे नावानिशी ठरवून ठेवा, आणि तो माणूस न मिळाल्यास दुसरा कोण, हेही. तपासण्यांच्या फाइलचे फोटो त्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

आत सोबत कोणाला सोडतात, हेही आधीच विचारा. मी पहिल्या वेळी पत्नीजवळ थांबायच्या तयारीने गेलो आणि नियम मला प्रसूतिकक्षाच्या दारात समजला. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली, पण त्यात प्राधान्य स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या स्त्रीला आहे. खासगी रुग्णालयांचे नियम ज्याचे त्याचे. रजेचे म्हणाल, तर केंद्रीय कर्मचाऱ्यांना पितृत्व रजा १५ दिवसांची असते, खासगी नोकरीत मात्र ती मालकाच्या मर्जीवर. मी ती तारखेची वाट पाहण्यात घालवली आणि लेक दहा दिवस उशिरा आली. आपण शक्यतो जन्मानंतरच घ्या.

सांजवात
एक नाजूक काम राहिले आहे आणि ते जावयालाच पार पाडावे लागेल. आमच्याकडे बाळाला प्रथम मध चाटवायची पद्धत होती. आपल्याकडेही असू शकेल. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि पहिल्या तासाभरात बाळाला आईचा चीकच मिळायला हवा. पण बाळ हातात घेऊन आजी उभी असताना हा वाद घालू नये, घरच्या आनंदावर विरजण पडते. पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांनाच विचारा. जावयाने सांगितलेले मनाला लागते, डॉक्टरांनी सांगितलेले लागत नाही.

कोयनाकाठ
सर्वांचा आभारी आहे. आज रुग्णालयाशी बोललो. अँटी-डी त्यांच्याकडे शिल्लक नसते, आधी सांगितल्यास मागवून ठेवतात. तसे सांगितले आहे. एक ओ निगेटिव्ह दाता कराडमध्येच मिळाला, दुसऱ्याचा शोध चालू आहे. गाडीसाठी शेजारचे काका आणि मेहुणा, या क्रमाने ठरले. शुक्रवारी तपासणी आहे, सासूबाईंना सोबत येण्याची विनंती केली आहे. मधाविषयी अद्याप काही बोललेलो नाही.