ब्लॉकच्या संख्येपेक्षा सुईच्या टोकाकडे पाहावे

सोनोग्राफीच्या मदतीने नर्व्ह ब्लॉक (नसेभोवती सुईने औषध सोडून शरीराचा तेवढाच भाग बधिर करणे) शिकवताना ‘किती ब्लॉक केल्यावर हात बसतो’ याच प्रश्नावर आधी संशोधन व्हावे, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. पडद्यावर सुईची दांडी ठळक दिसत असताना टोक मात्र प्रतलाबाहेर (सोनोग्राफीच्या किरणांच्या पातळ पट्ट्याबाहेर) गेलेले असते आणि शिकाऊ डॉक्टर दांडीलाच टोक समजून सुई पुढे नेतो. ही चूक केवळ संख्या वाढल्याने जात नाही. टोक कुठे आहे हे कळण्यासाठी १-२ मिलिलिटर सलाइन सोडून ते नेमके कुठे पसरते हे पाहण्याची सवय कशी लागते, मांसाच्या तुकड्यावरचा सराव रुग्णापाशी कितपत उपयोगी पडतो आणि सहा महिन्यांनी त्यातले काय उरते, हे आधी तपासावे. ‘प्लॅन ए’च्या (प्रत्येक भूलतज्ज्ञाला यावेत अशा मूलभूत ब्लॉकच्या यादीतल्या) मोजक्या ब्लॉकमुळे काय शिकवायचे हे बरेचसे ठरले आहे; कसे, ते राहिलेच.

शिवाय १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते (आणि ती लागावीच), त्यामुळे सरावासाठी यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर सहज नेता येत नाही. कोल्हापुरात शिकून गडहिंग्लज-चंदगडला एकट्याने काम करणाऱ्या भूलतज्ज्ञाचे कौशल्य देखरेखीविना कसे टिकते, याचा अभ्यास मला सर्वांत निकडीचा वाटतो.