शब्दचर्चा : ‘प्रभाव’, ‘अंमल’ आणि आजीची ‘दुअंमली’

वर्धाकाठ
एका मासिकासाठी कांगोवरचा लेख मराठीत आणते आहे आणि एका वाक्यापाशी अडले आहे. वाक्य असं : ‘१९९८ नंतर रवांडा आणि युगांडा या दोन शेजाऱ्यांनी युद्धात होरपळलेल्या पूर्व कांगोत आपापला ____ बसवण्यासाठी चढाओढ सुरू केली.’ मी तिथे ‘अंमल’ लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘प्रभाव’ केलं आणि समासात लिहिलं, ‘अंमल जुनाट वाटतो, शिवाय अंमली पदार्थ आठवतात.’

मला हे पटत नाही. प्रभाव म्हटलं की मला तुकडोजी महाराजांचं भजन ऐकून दारू सोडलेला माणूस दिसतो. प्रभाव पडतो, त्याला बंदूक लागत नाही. किसांगानीत काय झालं ते बघा. १९९६-९७ मध्ये हे दोन्ही देश एकाच बाजूने लढले, त्यांनी कांगोचा हुकूमशहा मोबुटूला घालवलं आणि लोराँ कबिलाला खुर्चीवर बसवलं. पुढे कबिलाशी बिनसलं आणि ऑगस्ट १९९८ मध्ये दोघेही पुन्हा आत शिरले. १९९९ मध्ये त्यांनी उभी केलेली बंडखोर संघटना फुटली. एक गट रवांडाच्या पदराखाली गेला, दुसरा युगांडाच्या. किसांगानी हे कांगो नदीवरचं, हिऱ्यांच्या व्यापाराचं शहर. तिथे ऑगस्ट १९९९ मध्ये, मे २००० मध्ये आणि मग जून २००० मध्ये सलग सहा दिवस या दोन फौजांनी एकमेकांवर तोफा डागल्या. शेकडो रहिवासी मेले. शहर ना याचं, ना त्याचं. याला ‘प्रभावासाठी स्पर्धा’ लिहायला माझा हात धजत नाही.

खरं तर याहून नेमका शब्द माझ्या आजीकडे होता. ती दर्यापूरकडची. मोठे काका गड्याला म्हणायचे आधी बैल सोड, आत्या म्हणायची आधी पाणी भर, आणि तो अंगणात दावं हातात धरून उभा राहायचा. मग आजी म्हणायची, ‘दुअंमली झाली या घरात.’ हा शब्द आणखी कुणी ऐकला आहे का? लेखात चालेल का?

धरमपेठ
ताई, बावीस वर्षं बातम्यांच्या टेबलावर बसतो आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. संपादकांचं बरोबर आहे. ‘प्रभाव’, ‘प्रभावक्षेत्र’ हे शब्द आता रुळले आहेत, वाचक अडखळत नाही. ‘अंमल’ म्हणजे प्रत्यक्ष राज्य. रवांडाने कांगोवर राज्य कुठे केलं? बंडखोरांमार्फत केलं ते सगळं. त्याला प्रॉक्सी वॉर म्हणतात आणि आम्ही सरळ ‘छुपे युद्ध’ लिहितो.

वर्धाकाठ
दादा, किसांगानीत छुपं काय होतं? गणवेशातल्या दोन फौजा भरदिवसा लढत होत्या. सुरक्षा परिषदेने १६ जून २००० रोजी ठराव क्रमांक १३०४ करून दोघांनाही नाव घेऊन परत जायला सांगितलं.

पोहरा
‘अंमल’ जुनाट कसा काय बाप्पा? माहा बाप आजबी म्हनते, ‘त्या सरपंचाचा अंमल सरला आता.’ आमच्याकडे कोनाच्या तोंडून ‘प्रभाव सरला’ आयकला नाही मी. शयरातल्या संपादकाले जुना वाटते म्हनून शब्द मरत नाही. दुअंमली मात्र मी नाही आयकली, मायले इचारून सांगतो.

महालकर
दुअंमली हा वऱ्हाडाचा अस्सल शब्द आहे, आणि ताईंच्या आजींनी तो अगदी जागच्या जागी वापरला. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामाचं बस्तान बसलं. पण चौथाई आणि सरदेशमुखीचे हक्क मराठ्यांकडे होते, पुढे नागपूरकर भोसल्यांचा घासदाणा, म्हणजे फौजेच्या चाऱ्याच्या नावाने घेतलेली वसुली, आला. त्यामुळे एकाच परगण्यात निजामाचाही वसुलीदार आणि भोसल्यांचाही. कुणबी कोणाला आधी देणार? ज्याला दिलं नाही तो गाव लुटणार. हे १८०३ पर्यंत चाललं. त्या वर्षी नोव्हेंबरात अडगावची लढाई, डिसेंबरात गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह होऊन भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला.

अंमल हा अरबी ‘अमल’ वरून आला : काम, कृती, मग कारभार. त्याच धातूपासून ‘आमील’ म्हणजे महसूल गोळा करणारा. मामला, मामलत, मामलेदार हीही त्याच कुळातली मंडळी. म्हणजे या शब्दाच्या पोटातच वसुली आहे. ताईंनी निवडलेला शब्द म्हणूनच बरोबर. प्रभावाच्या पोटात वसुली नाही.

शुद्धमती
महालकर, आपला अभ्यास मान्य आहे, पण मग अरबी शब्दच का कवटाळायचा? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी-अरबी शब्दांचा भार उतरवण्यासाठीच ना? आधिपत्य आहे, वर्चस्व आहे, प्रभुत्व आहे. दुअंमलीला ‘द्वैधशासन’ हा शब्द तयार आहे. दुसरं, ‘अमल’ हा संस्कृतातही आहे, अ-मल, म्हणजे ज्यात मळ नाही असा. स्वच्छ कारभार या अर्थाने तो आला असावा, अनुस्वार नंतर चिकटला, असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे.

महालकर
नाही हो. संस्कृत ‘अमल’ विशेषण आहे आणि त्याचा या अंमलाशी काही संबंध नाही. ‘अंमल चढला’ असं आपण भांग प्यायलेल्या माणसाबद्दल म्हणतो, तिथे मळ नसण्याचा अर्थ कसा बसवणार? नशेने शरीरावर काम करायला सुरुवात केली, तिचा ताबा बसला, तो अंमल. संपादकांना अंमली पदार्थ आठवतात ते चूक नाही, शब्द एकच आहे. पण ते शब्द टाळायचं कारण नव्हे.

आणि ‘द्वैधशासन’ म्हटलं की दोघांनी ठरवून वाटून घेतलेली सत्ता समोर येते. वऱ्हाडात लिखापढी होती, पण रयतेच्या दारात त्या कागदाला किंमत नव्हती.

शुद्धमती
महापौर, दिनांक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक म्हणाले होते की रुळणार नाहीत. आज रोज लिहितो आपण. प्रयत्नच करायचा नाही, हे मला खरंच दुखतं.

धरमपेठ
माझा मुद्दा राहून जातो आहे. शेजारी स्पर्धा करतात म्हणजे दर वेळी तोफाच डागतात असं नाही. अफगाणिस्तान घ्या. भारताने जरंज-देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता बांधला, हेरातचं सलमा धरण पूर्ण केलं, काबूलला संसदेची इमारत उभी करून दिली. यातला एकही पैसा आपण अफगाण शेतकऱ्याकडून वसूल केला नाही. पाकिस्तानला तिथे भारताविरुद्ध पाठीशी मोकळी जागा हवी होती, त्याला लष्करी भाषेत ‘सामरिक खोली’ म्हणतात. १९९६ मध्ये तालिबानने काबूल घेतलं, त्यांच्या त्या राजवटीला मान्यता देणारे तीनच देश होते : पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती. आणि आता, ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्याच तालिबानशी पाकिस्तानच्या चकमकी झाल्या आणि त्याच महिन्यात तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत होते. याला अंमल म्हणाल? कोणाचा अंमल? इथे प्रभावच लिहावं लागेल.

वर्धाकाठ
दादा, अफगाणिस्तानपुरतं मान्य. रस्ता आणि धरण यांच्यासाठी ‘प्रभाव’ चालेल, तिथे माझी हरकत नाही. पण तेवढ्यासाठी किसांगानीलाही तोच शब्द लावायचा का? वाचकाला दोन्हींतला फरक कळणार कसा? आपण बातमीत एकच शब्द सगळीकडे लावतो म्हणूनच तो कळेनासा झाला आहे.

कामठीचा फौजी
जय हिंद. मी २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत पूर्व कांगोतल्या गोमा शहरात होतो. तुमची चर्चा दोनदा वाचली. भाषेतलं मला फार कळत नाही, पाहिलेलं सांगतो.

आमच्या पोस्टपासून खाली उतरणारा रस्ता काळ्या लाव्हाच्या दगडांचा. पेट्रोलिंगला निघालो की वाटेत आडवी दोरी बांधलेली दिसायची, कुठे बांबू. दोरीच्या टोकाला दगडावर एक पोरगा बसलेला, मांडीवर रायफल. बाजाराला निघालेल्या बाईकडून तो पैसे घ्यायचा, पैसे नसले तर घमेल्यातला कोळसा किंवा बटाटे. मग एक चिटोरं हातात द्यायचा. ती बाई ते पदराच्या गाठीत जपून ठेवायची, तिथल्या बाया कांगा नेसतात त्याच्या टोकाला. पुढच्या डोंगराआड दुसऱ्या गटाची दोरी. तिथे हे चिटोरं चालत नसे. पुन्हा पैसे.

आम्ही नकाशावर कोणत्या गावात कोण हे लिहायचो, ते दोऱ्यांवरूनच. ज्याची दोरी त्याचं गाव. नोव्हेंबरात एम-२३ वाले, म्हणजे रवांडाच्या पाठबळावरचे बंडखोर, गोम्यात शिरले, दहा-बारा दिवसांनी निघून गेले. रवांडाची हद्द गोम्याला चिकटून आहे, एका गल्लीच्या अंतरावर. शहर सोडलं तरी डोंगरातल्या दोऱ्या काही निघाल्या नाहीत. २७ जानेवारी २०२५ ला गोमा पुन्हा त्यांच्या हातात गेलं, ते ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

ताई, तुमच्या आजीचा शब्द बरोबर आहे असं मला वाटतं.

महालकर
दादा, तुम्ही सांगितलेली दोरी म्हणजे वऱ्हाडातला जकातीचा नाका. आणि हे आजही चालू आहे. पूर्व कांगोतल्या रुबायाच्या कोल्टनच्या (इलेक्ट्रॉनिक वस्तूंत लागणारं खनिज) खाणी २०२४ मध्ये एम-२३ ने घेतल्या. तिथल्या मालावर बसवलेल्या करातून त्यांना महिन्याला सुमारे ८ लाख डॉलर मिळतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने नोंदवलं आहे. रवांडा देश केवढा? आपले गडचिरोली आणि चंद्रपूर जोडले की जवळजवळ तेवढा. कांगो २३ लाख चौरस किलोमीटरहून मोठा. मुलूख मोठा असून काही होत नाही, घर फुटलेलं असलं की शेजारी आत येतो. आपल्याच नागपूरचं बघा. १७३९ च्या सुमारास तिथले गोंडराजे चांद सुलतान वारले, गादीवरून भांडण लागलं, राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. पुढे चांद सुलतानांचे दोघं मुलगे भांडले. एकाने, बुऱ्हाणशहाने, पुन्हा रघुजींना हाक दिली, दुसरा हैदराबादला निजामाच्या आश्रयाला गेला. १७४३ मध्ये कारभार भोसल्यांच्या हातात आला आणि बुऱ्हाणशहा नेमणूक घेऊन नावापुरते राजे राहिले.

शुद्धमती
रघुजीराजांना रवांडाच्या पंगतीला बसवू नका. राणीने राखी बांधावी तशा विश्वासाने बोलावलं होतं, ते चालून आले नव्हते. त्यांनी नागपूर वसवलं, वाढवलं.

पोहरा
नागपूर बख्तबुलंद शहानं वसवलं नं, १७०२ मधी. भोसल्यानं वाढवलं म्हना, ते खरं हाय. पन गोंडराजाचं नाव पुसून कसं चालन?

महालकर
बोलावल्याशिवाय कोणीच येत नाही, असंच प्रत्येक येणाऱ्याच्या दप्तरात लिहिलेलं असतं. रवांडाही १९९४ च्या नरसंहाराचे मारेकरी सीमेपलीकडे छावण्यांत बसले आहेत म्हणून आत गेला, आणि ते कारण खोटं नव्हतं. पण पुढे हिरे आणि कोल्टन आले. मी रघुजींना कमी लेखत नाही, माझं घर त्यांच्याच वाड्याच्या सावलीत आहे. शब्दाचा अर्थ लावताना आपलं आणि परक्याचं माप एक असावं एवढंच म्हणतो.

धरमपेठ
मूळ शब्दाकडे येऊ का? ‘छुपे युद्ध’ ताईंनी नाकारलं, ठीक. मग ‘प्रॉक्सी’ला काय? आमचे नवे उपसंपादक ‘प्रातिनिधिक युद्ध’ लिहितात, ते ऐकून नमुना म्हणून केलेलं युद्ध वाटतं. मला ‘परभारे युद्ध’ सुचतं.

शुद्धमती
परभारे म्हणजे मधल्याला न कळवता, परस्पर. पैसे परभारे पाठवले. इथे मधला माणूसच लढतो आहे. ‘परहस्ते’ घ्या. दुसऱ्याच्या हाताने.

धरमपेठ
‘परहस्ते युद्ध’. हा शब्द मला आवडला. उद्या एका मथळ्यात घालून बघतो, साहेबांनी ठेवला तर कळवतो.

वर्धाकाठ
सगळ्यांचे आभार. किसांगानीबद्दल एक राहिलं. कांगोने युगांडाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, डिसेंबर २००५ मध्ये निकाल कांगोच्या बाजूने लागला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ३२ कोटी ५० लाख डॉलर भरपाई ठरली. रवांडाविरुद्धचा दावा मात्र अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर चाललाच नाही. दोघांच्या तोफा एकाच शहरावर पडल्या, आणि जबाब एकालाच द्यावा लागला. हे मी भाषांतरात टीप म्हणून घालते आहे. शब्द ‘अंमल’च ठेवून पान परत पाठवलं. ‘दुअंमली’ उपशीर्षकात दिली आहे.

फौजीदादा, लेखात ‘चुकुडू’ नावाच्या लाकडी गाडीचा उल्लेख आहे. ती नेमकी कशी असते?

कामठीचा फौजी
दोन चाकांची, सगळी लाकडाची. लहान मुलांच्या पायाने रेटायच्या गाडीसारखी, पण माणसापेक्षा लांब. मधल्या फळीवर जुन्या चपलेचा तळवा ठोकलेला असतो, त्यावर एक गुडघा टेकायचा आणि दुसऱ्या पायाने जमीन मागे ढकलायची. बटाट्याची चार-पाच पोती घेऊन उतारावरून पोरं सुसाट येतात. गोम्यात एका चौकात त्या गाडीचा मोठा सोनेरी पुतळा आहे.

पोहरा
मंग तिले मराठीत काय म्हनाव? बंडी तर नाही, बैल नाही तिले. रेंगी, दमणी, खाचर सगळ्याइले बैल लागते.

शुद्धमती
‘पादगाडी’?

पोहरा
चुकुडूच ठेवा नं ताई. आन मायले इचारलं. तिनं दुअंमली आयकलेली हाय. तिच्या सासूच्या तोंडून, दर्यापूरच्याच बाजूची व्हती ते.