मदत हवी आहे: लाइन थांबवायची दोरी कोणी ओढतच नाही

चाकणला एका पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. टोयोटासारखी अँडॉन दोरी (काही अडचण दिसली की ऑपरेटरने ओढायची) लावली, ट्रेनिंग पण झालं, पण ओढत कोणीच नाही, कारण ऑपरेटरपासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलंय की लाइन थांबली म्हणजे कोणाची तरी चूक आणि शिफ्टचा आकडा गेला. जनरल मोटर्सचा (जीएम) अमेरिकेतला फ्रीमाँटचा प्लांट 1982 ला बंद पडलेला, 1984 ला टोयोटाबरोबर नुम्मी म्हणून सुरू झाला, कामगार बरेचसे जुनेच तरी क्वालिटी सुधारली, कारण दोरी ओढली की टीम लीडर मदतीला यायचा, ओरडायला नाही. तेच बाकीच्या प्लांटमध्ये नेताना जीएमलाही घाम फुटला (मग आम्ही कोण!). ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, आधी सुपरवायझरला धरायचं की टार्गेटच बदलायला लावायचं? पोस्टर लावा सोडून काहीही चालेल.