आयसोलेटेड बाजूचा झिरो व्होल्ट अर्थला बांधायचा का?

अंबडचा पॅनेलवाला:
अंबड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये वजनकाट्याचं पॅनेल. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह) सुरू झाली की आकडा नाचतो आणि पीएलसीशी (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरशी) आरएस-४८५ कम्युनिकेशन तुटतं. आयसोलेटर मॉड्यूल (सिग्नल पुढे देतं, पण दोन बाजूंचा विजेचा थेट जोड तोडतं) बसवलेलं असूनही! उघडून बघतो तर मॉड्यूलच्या दोन्ही बाजूंचे झिरो व्होल्ट (सप्लायची शून्य बाजू) एका हिरव्या वायरने जोडून अर्थबारवर आणलेले. कशासाठी? तर म्हणे "सेफ्टी". आयसोलेशनला पैसे मोजायचे आणि वीतभर वायरने त्यावर पाणी सोडायचं! वायर काढली, आकडा जागेवर आला. माझं मत: आयसोलेटेड बाजू तरंगतीच, म्हणजे अर्थला न जोडता, ठेवावी.

सातपूरकर मेंटेनन्स:
दादा, काट्यापुरतं मान्य. पण सरसकट सांगू नका, पोरं वाचतात आणि प्रेसच्या पॅनेलवर करून बसतात. तरंगत्या कंट्रोल सर्किटला पहिला अर्थ फॉल्ट झाला (वायर बॉडीला टेकली) तर फ्यूज उडत नाही, मशीन मुकाट चालत राहतं. पहिला फॉल्ट स्टॉप बटणाच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे झाला की करंट मशीनच्या बॉडीतून फिरून येतो. बटण दाबा, कॉन्टॅक्टर (मोटरचा स्विच) सुटणार नाही. झिरो व्होल्ट अर्थला असता तर पहिल्याच फॉल्टला फ्यूज गेला असता. आयईसी ६०२०४-१ या मशीनच्या विद्युत सुरक्षेच्या मानकात हाच धोका धरलाय: एक बाजू अर्थ करा, नाहीतर अर्थ फॉल्ट होताच इशारा देणारा इन्सुलेशन मॉनिटर लावा.

अंबडचा पॅनेलवाला:
ऑपरेशन थिएटरमध्ये तरंगती सप्लाय चालते की!

सातपूरकर मेंटेनन्स:
चालते, कारण तिथे मॉनिटर भिंतीवर बोंबलत असतो. तुमच्या शेडमध्ये कोण बोंबलणार?

सिन्नर फाटा:
मध्येच विचारतो. आमच्याकडे तरंगत्या झिरोपासून अर्थपर्यंत मीटर ६८ व्होल्ट एसी दाखवतो. लीकेज आहे का?

सातपूरकर मेंटेनन्स:
बहुतेक भूत आहे, म्हणजे मीटरवर दिसणारं पण दम नसलेलं व्होल्टेज. एसएमपीएसमधल्या (डीसी पॉवर सप्लायमधल्या) वाय कपॅसिटरमधून, म्हणजे अर्थकडे जोडलेल्या फिल्टर कपॅसिटरमधून, झिरपणारा करंट मिलीअँपियरच्याही खालचा असतो, पण मीटरचा इनपुट १० मेगओहमचा, त्याला तेवढाही पुरतो. झिरो आणि अर्थमध्ये १० किलोओहम लावून मोजा. एक-दोन व्होल्टवर आलं तर भूत. टिकून राहिलं तर सप्लाय बंद करून खरा फॉल्ट शोधा. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मारायचाच तर आधी इलेक्ट्रॉनिक्स सोडवा, ५०० व्होल्ट कार्ड खाऊन टाकतील. आणि अर्थ पिट तपासा. एप्रिलमध्ये इथला मुरूम वाळला की पिट नावालाच उरतो.

अंबडचा पॅनेलवाला:
एक कबुली देतो. आकडा थांबला, पण कम्युनिकेशन आजही दोनदा तुटलं.

सातपूरकर मेंटेनन्स:
ए आणि बी या डेटाच्या दोनच वायर ओढल्या असणार. आयसोलेटरच्या पलीकडे काट्याचा कॉमन (त्या बाजूचा झिरो) सोबत नेला नाही, तर ती बाजू वाट्टेल तिकडे भरकटते. रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच सोसतो. तिसरी वायर ओढा. केबलची शिल्ड (वरची जाळी) एकाच टोकाला अर्थ करा.

अंबडचा पॅनेलवाला:
दोनच ओढल्यात. तिसरी उद्या ओढतो, पण ती अर्थबारवर जाणार नाही.

सातपूरकर मेंटेनन्स:
काट्याची नकोच. त्याच पॅनेलमधल्या स्टॉप सर्किटचा झिरो कुठे बांधलाय, तेवढं बघून या.