मदत हवी आहे: न्यू इंग्लंडमधील सतराव्या शतकातील लाकडी घरांचे मराठीत वर्णन

नमस्कार,

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. येथील जुन्या इंग्रजी वसाहतींतील घरांविषयी, भारतातून येणाऱ्या वडीलधाऱ्यांना वाचता येईल असे टिपण मराठीत लिहीत आहे. डेडम येथील फेअरबँक्स घर हा त्याचा मुख्य विषय आहे. लाकडातील वाढीच्या वर्तुळांवरून त्याचा काळ 1637 ते 1641 असा ठरला असून, उत्तर अमेरिकेत आज उभे असलेले ते सर्वांत जुने लाकडी सांगाड्याचे घर मानले जाते.

रचना समजायला आपल्याला अवघड नाही. सांगाडा ओकचा, एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली. खांबांमधल्या जागेत इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे कूड घालून मातीने लिंपत. चिपळूणजवळच्या माझ्या आजोळी गोठ्याची भिंत अशीच होती, त्यामुळे हे वाचताच ओल्या शेणमातीचा वास आठवला. मात्र येथील बर्फवृष्टीपुढे उघडे लिंपण टिकणारे नव्हते, म्हणून बाहेरून फळ्या एकीवर एक चढवून ठोकल्या गेल्या. घराच्या मधोमध विटांचे अजस्र धुराडे आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक खोली, म्हणजे एकाच धुराड्याची ऊब दोघींना मिळे. व्हर्जिनियात उन्हाळा कडक, म्हणून तेथे धुराडी घराच्या दोन टोकांना सरकली. 1665 च्या बेकन्स कॅसल या विटांच्या घरात ती तशी स्पष्ट दिसतात. बॉस्टनमध्ये तर आगीच्या भयाने 1631 मध्येच लाकडी धुराडी आणि गवताने शाकारलेली छपरे यांना बंदी झाली होती.

अडचण शब्दांची आहे. धुराड्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत जाणारी, छताच्या सगळ्या कड्या जिच्यात अडकवल्या आहेत आणि जिच्या खालच्या कडा तिरप्या तासून टोकाशी नक्षीने संपवल्या आहेत, त्या जाड मधल्या तुळईला आपले सुतार वेगळे नाव देतात का? टॉप्सफील्ड येथील 1683 च्या पार्सन केपन घराचा वरचा मजला खालच्या भिंतीपुढे येतो आणि त्याखाली कोरीव लाकडी लोलक लोंबतात. ते पाहून मला वाड्यातील केळफुले आठवली, पण पुढे आलेल्या त्या भागाला ‘सज्जा’ म्हणणे मला चुकीचे वाटते, कारण ती उघडी जागा नसून खोलीचाच भाग आहे. मागच्या बाजूस छप्पर खाली ओढून केलेल्या खोल्यांना मी ‘पडवी’ म्हटले आहे. ते आपणांस पटते का?

आणखी एक: सांगाडा जमिनीवर जुळवून, खोलून, पुन्हा उभारताना चूक होऊ नये म्हणून सुतार प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या रेघा कोरत. कोकणात किंवा देशावर घरे बांधलेल्या सुतारांच्या घरात वाढलेल्या वाचकांनी, अशा खुणांना आपल्याकडे काय म्हणत, हे कृपया सांगावे. तालुक्यागणिक शब्द वेगळा असल्यास गावाचे नावही द्यावे.